परत येणाऱ्या अग्निवीराचे आपण काय करणार?

पहाटे रस्त्यावर वाहनांची ये-जा सुरू होण्याआधी जालना जिल्ह्यातल्या केदारखेडा, राजूर, भोकरदन या पट्ट्यातली पोरे पळायला बाहेर पडतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पार करायचे, मग बीमवर लटकून शरीर वर खेचायचे, मग नऊ फुटांचा खड्डा एका उडीत ओलांडायचा. घरी दोन-चार एकर कोरडवाहू रान, त्यात सोयाबीन, कपाशी नाहीतर मका, आणि सगळा हवाला पावसावर. फौजेची वर्दी मिळाली तर घर वर येईल, या एका आशेवर ही पोरे घाम गाळतात. त्यातला एखादा भरती झाला की गावात मिरवणूक निघते, कमानीवर त्याचा फोटो लागतो, शाळेत त्याचा सत्कार होतो. या मानाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. आमची भीती आहे ती त्याच्या परतीच्या दिवसाची.

केंद्र सरकारने अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर केली. पहिले अग्निवीर २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षण केंद्रांत दाखल झाले. त्यांची सेवा चार वर्षांची, म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून पहिली तुकडी घरी परतू लागेल. नियम असा, की दर चौघांपैकी फार तर एकाला कायम करायचे आणि तिघांना मोकळे करायचे. जाताना त्यांच्या हाती सेवानिधी पडेल, सुमारे पावणेबारा लाख रुपये. त्यातही जवळपास निम्मा भाग त्यांच्याच पगारातून दरमहा कापलेला. निवृत्तिवेतन मिळणार नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्याची सोय नाही, कॅन्टीनचे कार्ड नाही. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे सरकारी दप्तरात त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही. बावीस-तेवीस वर्षांचा, सीमेवर पहारा दिलेला मुलगा केदारखेड्याच्या थांब्यावर उतरेल तेव्हा कागदोपत्री तो कोण असेल, याचे उत्तर आज ना तहसील कार्यालयाकडे आहे ना ग्रामपंचायतीकडे.

सैनिकाला सामान्य नागरिकाने विशेष मान द्यावा का, हा प्रश्न आपल्याकडे कुणी मोठ्याने विचारत नाही. चौकात त्याचे उत्तर तयार असते. पण काही विचारी माणसे तो मनात बाळगतात, आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. शहरातल्या गटारात उतरणारा सफाई कामगार जीव मुठीत धरूनच उतरतो. भर पावसात खांबावर चढणारा महावितरणचा लाइनमन रोज मरणाच्या शेजारी काम करतो. आपल्या मराठवाड्यात तर कर्जाने आणि दुष्काळाने जितकी घरे उजाड झाली, तितकी कुठल्या युद्धाने झाली नसतील. मग मान सैनिकालाच वेगळा का?

धोका पत्करतो म्हणून तो द्यावा, हे उत्तर अपुरे आहे. धोका अनेकजण पत्करतात. सैनिकाचे वेगळेपण असे, की त्याला नाही म्हणण्याचा हक्क उरलेला नसतो. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने संसदेला सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिला आहे, आणि १९५० च्या लष्कर कायद्याने तो प्रत्यक्षात आणला आहे. सैनिक संघटना काढू शकत नाही, संप करू शकत नाही, वरिष्ठांच्या परवानगीवाचून वर्तमानपत्राशी बोलू शकत नाही, राजकीय सभेत भाग घेऊ शकत नाही. पगार कमी पडला, बूट निकृष्ट निघाले, रजा नाकारली, तरी त्याला रस्त्यावर येता येत नाही. वाटेल तेव्हा राजीनामा टाकून निघूनही जाता येत नाही. गटारात उतरणाऱ्याला नाही म्हणता आले पाहिजे, आणि तो ते म्हणू शकत नसेल तर तो आपल्या व्यवस्थेचा गुन्हा आहे. सैनिकाच्या बाबतीत मात्र त्याचे नाही म्हणणे आपण कायद्यानेच काढून घेतले आहे. कारण ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याने निवडून दिलेल्या सरकारचे ऐकले पाहिजे, अशी लोकशाहीची अट आहे. ती अट योग्य आहे. शेजारच्या देशांत ती मोडली तेव्हा काय झाले ते आपण पाहिले आहे.

पण त्या अटीची दुसरी बाजू आपल्यावर येते. ज्याचा आवाज आपण कायद्याने बंद केला, त्याच्या वतीने बोलण्याचे काम आपले. त्याला कुठे पाठवले, कशासाठी पाठवले, काय देऊन पाठवले आणि परतल्यावर त्याचे काय केले, हे विचारणे प्रत्येक मतदाराचे काम आहे. आमच्या मते सैनिकाला द्यायच्या विशेष मानाचा खरा अर्थ एवढाच आहे. ही जबाबदारी टाळून केलेला जयजयकार कितीही मनापासून केलेला असो, सैनिकाच्या पदरात त्यातून काही पडत नाही.

ही जबाबदारी आपण कशी पार पाडतो ते पाहायला लांब जाण्याची गरज नाही. आपल्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराई हे गाव आहे. सैलानी बाबांच्या यात्रेमुळे आपल्याकडच्या घराघरांत त्याची ओळख. त्या गावचे अक्षय लक्ष्मण गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला कर्तव्यावर असताना गेले. सियाचीनवर प्राण गमावलेले ते पहिले अग्निवीर. गावाने त्यांना साश्रू निरोप दिला आणि लगोलग देशभर वाद पेटला, की कुटुंबाला काय मिळणार. शेवटी लष्कराला तपशील जाहीर करावा लागला : विम्याचे ४८ लाख, सानुग्रह मदतीचे ४४ लाख, उरलेल्या सेवाकाळाच्या वेतनापोटी १३ लाखांहून अधिक, युद्धजखमींच्या निधीतून ८ लाख, शिवाय सेवानिधीतला वाटा. एकूण रक्कम एक कोटीच्या पुढे जाते. ती लहान नाही, आणि ती मिळत नाही असा प्रचार करणेही खोटेपणाचे आहे.

तरी वादाच्या मुळाशी जो प्रश्न होता तो या आकड्यांनी मिटत नाही. त्याच बर्फात, त्याच चौकीवर, त्याच आदेशाखाली नियमित सैनिक गेला तर त्याच्या कुटुंबाला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, अखेरच्या वेतनाइतके, आणि तेही दरमहा. अग्निवीराच्या आईवडिलांना ते नाही. एकदाच आलेली मोठी रक्कम आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा यांत किती अंतर असते ते शेतकऱ्याच्या घराला वेगळे सांगावे लागत नाही. मोठी रक्कम आली की देणेकरी येतात, भाऊबंद येतात, पडके घर बांधून होते, विहिरीचे काम निघते, एखादे लग्न उरकते. म्हातारपण मात्र दर महिन्याला येते. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २०२४ साली शिफारस केली, की कर्तव्यावर प्राण गमावलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाइतकेच लाभ द्यावेत. त्या शिफारशीनंतरही मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी नियंत्रण रेषेवर धारातीर्थी पडलेल्या मुरली नाईक या अग्निवीराच्या आईला समान लाभांसाठी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. मुरली मूळचे आंध्र प्रदेशचे, पण कुटुंब मुंबईत घाटकोपरला कष्ट करून राहिलेले, आणि लष्करी प्रशिक्षण झाले ते आपल्या देवळालीत. समोरून येणारा तोफगोळा नियमित कोण आणि अग्निवीर कोण हे पाहत नाही. हा फरक सरकारने केला आणि आपण तो होऊ दिला.

हे आपण होऊ देतो, कारण सैनिकाची कदर करण्याची आपली रीतच अर्धवट आहे. तिचा एक जुना पुरावा आपल्याच शिवारात पडलेला आहे. भोकरदनच्या पूर्वेला, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आसई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्थर वेलस्लीची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून युरोपभर गाजला. आपले सामानसुमान त्याने भोकरदन तालुक्यातल्या नळणीला ठेवले आणि पिंपळगावजवळ केळनेचा उतार शोधून तो मराठ्यांच्या बाजूला उतरला. त्या दिवशी दौलतराव आणि रघूजी या दोघांनीही रणात शेवटपर्यंत पाय रोवले नाहीत. मोठे घोडदळ फारसे न लढता निघून गेले. टिकून राहिले ते तोफांवरचे गोलंदाज. कंपनीची पलटण तोफांवर चालून आली तरी ते हलले नाहीत, तोफेजवळच संगिनींनी भोसकले गेले. काहीजण मेल्याचे सोंग करून तिथेच पडून राहिले आणि शत्रू पुढे सरकल्यावर उठून त्यांनी त्याच्या पाठीवर पुन्हा तोफा डागल्या. वेलस्लीने आयुष्यभर असंख्य लढाया केल्या, तरी रणांगणावरची आपली सर्वांत मोठी कामगिरी कोणती असे विचारले असता तो आसईचे नाव घेत असे. त्याला तसे वाटायला लावले ते या गोलंदाजांनी.

आता हिशेब पाहा. कंपनीच्या फौजेचे ४२८ जण ठार झाले आणि ११३८ जखमी झाले. युरोपियन किती, हिंदी शिपाई किती, याचीही वेगळी नोंद आहे, आणि मेलेल्यांत निम्म्याहून अधिक हिंदीच होते. जखमींना अजिंठ्याला नेऊन तिथे त्यांच्यासाठी इस्पितळ उभे केले गेले. ज्या पलटणी लढल्या त्यांच्या निशाणांवर आसईचे नाव आणि हत्तीचे चिन्ह आले. आपल्या आजच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातला हत्ती तोच. स्वतंत्र भारताच्या लष्कराने मात्र परक्या सत्तेसाठी आपल्याच लोकांवर मिळवलेले असले विजय साजरे करायचे नाहीत असे ठरवले, ते अगदी योग्य झाले. पण शिंद्यांच्या बाजूने पडलेल्यांचे काय? सुमारे बाराशे ठार, असा आकडा इतिहासात आहे आणि तोही वेलस्लीच्या अंदाजातून आलेला. तोफेला बिलगून मेलेल्या एकाही गोलंदाजाचे नाव आपण जपले नाही. आपल्या मातीत आपल्या बाजूने पडलेल्यांची संख्यासुद्धा आपल्याला शत्रूच्या पत्रातून घ्यावी लागते. पगार थकवणाऱ्या, हिशेब न ठेवणाऱ्या, पराभवानंतर शिपायाला वाऱ्यावर सोडणाऱ्या सरदारीने हे केले. पुढे डिसेंबर १८०३ मध्ये सुर्जी-अंजनगावच्या तहात दौलतरावांना मोठा मुलूख गमवावा लागला. शिपायाच्या शौर्यात त्या दिवशी काही उणे नव्हते. त्याच्या मागे उभे राहणारे कुणी नव्हते.

सैनिकाच्या मानाची आणखी एक जुनी गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये. कोकणातले गोपाळबाबा वलंगकर लष्करात नोकरी करून १८८६ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या महार समाजाने कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडले होते. तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद करण्यात आली, आणि ती पुन्हा सुरू करा म्हणून वलंगकरांना अर्ज लिहावा लागला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही तीच मागणी लावून धरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. सुभेदाराचा मुलगा म्हणून गावातली विहीर त्यांना खुली झाली नाही. छातीवर पदके असलेला निवृत्त सैनिक गावात परतला की पुन्हा वेशीबाहेर. वर्दीला सलाम आणि वर्दीतल्या माणसाला धुडकावणे, ही आपली जुनी खोड आहे. तिचे जातीचे रूप आज बऱ्याच अंशी बदलले असेल, पण खोड गेलेली नाही.

ती आता कार्यालयांत राहते. मेजर अनुज सूद २ मे २०२० रोजी हंदवाड्यात अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. त्यांच्या पत्नीने महाराष्ट्र सरकारकडे राज्याच्या धोरणानुसार लाभ मागितले, तेव्हा ते राज्यात जन्मलेले नाहीत आणि सलग पंधरा वर्षे राहिलेले नाहीत, असे कारण पुढे आले. सैनिकाची बदली देशभर होते, त्याचे घर कोणत्या जिल्ह्यात सलग पंधरा वर्षे टिकेल? मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला वारंवार खडसावले, तेव्हा कुठे २०२४ साली सरकार नमले आणि एक कोटी रुपये व मासिक मदत देण्यास तयार झाले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वीरपत्नीची कथा याहून कष्टाची. पती १९६५ च्या युद्धात गेला, आणि जमिनीच्या हक्कासाठी अर्धे शतक उलटल्यावर तिला उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठासमोर आलेल्या प्रकरणात नियंत्रण रेषेजवळच्या गस्तीवर कडाक्याच्या थंडीत प्राण गेलेल्या सैनिकाच्या विधवेला उदारीकृत निवृत्तिवेतन द्यायला खुद्द केंद्र सरकारच विरोध करत होते. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने दिलेला निकाल सरकारने वर नेला होता. न्यायालयाने अपील फेटाळले आणि तिला न्यायालयात खेचल्याबद्दल सरकारला ५० हजार रुपये भरायला लावले. सैनिकाच्या विधवेविरुद्ध सरकार वकील उभा करते, आणि त्याच सरकारच्या कार्यक्रमात आपण उभे राहून सैनिकांसाठी टाळ्या वाजवतो.

या टाळ्यांमागे एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. सैनिकाच्या नावाने प्रश्न विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्याची सवय गेल्या काही वर्षांत बळावली आहे. भरतीच्या धोरणाबद्दल, शस्त्रखरेदीबद्दल, एखाद्या चकमकीत झालेल्या हानीबद्दल कुणी विचारले की तो सैनिकांचा अपमान करतो असा गलका होतो. पिंपळगाव सराईच्या आईवडिलांना निवृत्तिवेतन का नाही, हा प्रश्न सैनिकाचा अपमान कसा असू शकतो? तो न विचारणे हा अपमान आहे. निवडणूक आयोगाने २०१३ साली आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये पक्षांना बजावले, की सैन्यदलातील व्यक्तींची छायाचित्रे प्रचारात वापरू नका. तरी दर निवडणुकीला फलकांवर जवान उभा राहतोच, आणि त्याच्या बाजूला उमेदवार. राजकारण्यांच्या मनातली खरी किंमत कधी कधी बोलण्यातूनही बाहेर पडते. २०१७ साली पंढरपूरकडच्या प्रचारसभेत विधान परिषदेचे तेव्हाचे सदस्य प्रशांत परिचारक यांनी सैनिकांच्या पत्नींविषयी अश्लाघ्य उद्गार काढले. राज्यभर संताप उसळला, त्यांनी माफी मागितली, सभागृहाने त्यांना दीड वर्षासाठी निलंबित केले. पण मुदत संपण्याआधीच २०१८ मध्ये ते निलंबन मागे घेण्यात आले. संतापाची मुदत तेवढीच होती.

मान म्हणजे सूटही नव्हे. वर्दीतल्या माणसाने नागरिकावर अन्याय केला तर कायद्याने त्याला जाब विचारलाच पाहिजे, आणि असा जाब विचारणारे लष्करी न्यायालय आपल्याकडे आहे याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. गावात माजी सैनिकाचा शब्द वजनदार असावा, पण तो ग्रामसभेतल्या शेतमजूर बाईच्या शब्दापेक्षा वजनदार असता कामा नये. सैनिकाने ज्या प्रजासत्ताकाचे रक्षण केले तिथे सगळ्यांचे मत सारख्याच मोलाचे आहे. आम्ही मागतो तो मान त्याला इतरांच्या वर बसवणारा नाही. जे त्याचे ठरलेले आहे ते त्याला न मागता, वेळेवर आणि हेलपाटे न घालता मिळावे, एवढेच.

अग्निवीरांच्या बाबतीत हे आधीच अवघड करून ठेवले आहे. माजी सैनिकाला महाराष्ट्रात आज ज्या सोयी आहेत त्यांतल्या बऱ्याचशा त्या दर्जावर टेकलेल्या आहेत. २०२० साली राज्य सरकारने ग्रामपंचायतींच्या हद्दीत माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टीतून सूट दिली. बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची ही योजना. चार वर्षे सियाचीनला किंवा पूंछला राहून आलेला अग्निवीर तिच्यात बसतो का? ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याने यावर काय लिहावे? घरपट्टीची रक्कम किरकोळ आहे, पण प्रश्न किरकोळ नाही. ती मिळते तो गावाच्या नजरेत सैनिक ठरतो, मिळत नाही तो फक्त घरी परतलेला मुलगा ठरतो. शासकीय भरतीतल्या राखीव जागा, शैक्षणिक सवलती, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून मिळणारी मदत या सगळ्यांच्या दारात हाच एक शब्द उभा आहे. ध्वजदिन निधी आपण १९४९ पासून दर ७ डिसेंबरला गोळा करतो. शाळेतली लेकरे डब्यांत नाणी टाकतात. त्या निधीत या मुलांचा वाटा किती, हे आतापासून ठरवून ठेवायला नको का?

केंद्रीय दलांत राखीव जागांच्या घोषणा झाल्या आहेत. हरियाणाने २०२४ मध्ये आणि उत्तर प्रदेशाने २०२५ मध्ये पोलीस भरतीत अग्निवीरांसाठी आरक्षण जाहीर केले, उत्तर प्रदेशाने तर २० टक्के. घोषणा आणि नेमणूकपत्र यांत मोठे अंतर असते, हे पोलीस भरतीच्या तयारीत वर्षे घालवलेल्या मुलांना पुरते माहीत आहे. म्हणून महाराष्ट्राने याबाबतीत जे करायचे ते भरतीच्या नियमांत लिहून, जागांच्या संख्येसह आणि पहिली तुकडी परतण्याआधी करावे.

एक कुजबुज गावागावांत ऐकू येते आणि ती थांबवली पाहिजे. बंदूक चालवायला शिकलेली पोरे बेकार होऊन परत येणार, मग काय काय करतील, असे काहीजण बोलतात. ज्यांनी बर्फात उभे राहून रात्री काढल्या त्यांच्याकडे संशयाने पाहणे हा कृतघ्नपणा आहे. शिस्त, नकाशावाचन, यंत्रांची दुरुस्ती, वाहन चालवणे, जखमीला प्रथमोपचार, आपत्तीत माणसे बाहेर काढणे, हे सगळे शिकून ती येणार आहेत. पूर्णेला पूर आला, रस्त्यावर अपघात झाला, विहिरीत कुणी पडले, की अशाच माणसांची गरज लागते. भीती वाटायची असेल तर आपल्याच तयारीच्या अभावाची वाटू द्या. सेवानिधीचे पैसे डोळ्यांसमोर ठेवून दारात येणारे दलाल, प्लॉट विकणारे, दामदुप्पट योजनावाले, नोकरी लावून देतो म्हणणारे यांची वाटू द्या. ते नक्की येणार. तेवीस वर्षांच्या मुलाला बँकेत पावणेबारा लाख असताना खरा सल्ला देणारा माणूस तालुक्याला एक तरी असायला हवा.

म्हणून आमच्या मागण्या ठोस आहेत. राज्य सरकारने एक शासन निर्णय काढून राज्याच्या अखत्यारीतल्या सर्व सवलतींपुरता चार वर्षे पूर्ण केलेल्या अग्निवीराला माजी सैनिक मानावे. त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही, घरपट्टी राज्याची आहे आणि राज्याची भरतीही राज्याचीच. कर्तव्यावर गेलेल्या अग्निवीराच्या आईवडिलांना नियमित सैनिकाइतके मासिक निवृत्तिवेतन मिळावे, ही स्थायी समितीची शिफारस केंद्राने मान्य करावी, आणि मराठवाडा व विदर्भातल्या खासदारांनी ती संसदेत, पक्ष बाजूला ठेवून, लावून धरावी. आपल्या खासदाराने यावर आजवर किती वेळा प्रश्न विचारला हे मतदारांनी त्यांना थेट विचारावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा माणूस महिन्यातून एकदा ठरलेल्या वारी भोकरदन तहसीलात बसावा, म्हणजे म्हाताऱ्या वीरमातेला एका सहीसाठी जालन्याचे भाडे मोडावे लागणार नाही.

केदारखेड्यासह तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या ग्रामसभेत गावातल्या आजी, माजी आणि अग्निवीर अशा सगळ्या सैनिकांची यादी करावी. कोण कुठे आहे, कुणाची सेवा कधी संपते, घरी कोण आहे, शेतीचा फेरफार, घरपट्टी, निवृत्तिवेतन यांतले काय अडले आहे, हे त्यात लिहावे. ती यादी तहसीलदारांकडे द्यावी आणि पोचपावती घ्यावी. जिल्हाधिकाऱ्यांनी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांचे जिल्ह्यातले प्रलंबित अर्ज, प्रत्येक अर्ज कधी आला आणि कोणत्या टेबलावर थांबला यासह, दर तिमाहीला जाहीर करावेत. पहिला अग्निवीर गावात परतेल त्याआधी यातले किमान पहिले पाऊल पडलेले असले पाहिजे, आणि ते पाऊल टाकायला कुणाच्या आदेशाची गरज नाही.